निरोपाची वही

मी शिक्षक नाही. बी.ए. झालो, कविता करत राहिलो आणि पोटासाठी दुकान चालवलं. नागपुरात मोमिनपुऱ्याच्या तोंडाशी आमचं दुकान आहे. आज तिथे झेरॉक्स निघतात, वह्या-पेनं मिळतात, कॉलेजचे ऑनलाइन फॉर्म भरून दिले जातात. पण तीस वर्षांपूर्वी त्याच दुकानावर एक पिवळी पाटी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : एसटीडी, आयएसडी, पीसीओ.

माझ्याकडे स्वाध्यायपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला मराठीच्या एक बाई येतात. आमच्याच भागातल्या एका माध्यमिक शाळेत त्या शिकवतात. मागच्या वर्षी त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या नववीच्या मुलांशी बोलायला याल का? विषय आहे, आधुनिक संपर्कसाधनं.’’ मला हसू आलं. म्हटलं, ‘‘बाई, मुलं माझ्याहून जास्त जाणतात. परवा माझ्या फोनची भाषा चुकून बदलली गेली, ती सातवीतल्या एका पोरानं दुरुस्त करून दिली.’’ बाई म्हणाल्या, ‘‘बटणं त्यांना येतातच हो. बटणांच्या पलीकडचं काही सांगा.’’

त्या ‘पलीकडच्या’पायी मी चार शनिवार सकाळच्या शाळेत गेलो. तिथे काय घडलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी मी शेजारच्या मुलाचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणलं. २०१७ साली आलेल्या नववीच्या त्या पुस्तकात ‘माहिती संप्रेषण तंत्रज्ञान : प्रगतीची नवी दिशा’ असा एक धडा आहे. संगणकावर मजकूर कसा लिहायचा, आकड्यांचे तक्ते कसे करायचे, पुण्याच्या सी-डॅकनं ‘परम’ हा महासंगणक कसा घडवला, अशी बरीच माहिती त्यात आहे. ती हवीच. पण मुलांचा दिवस जातो तो आलेला निरोप वाचण्यात, तो खरा मानण्यात आणि पुढे ढकलण्यात. मला तिथून सुरुवात करायची होती. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि दुकानाच्या माळ्यावर चढलो.

माळ्यावर मला हवी ती वस्तू सापडली. लाल पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली एक लांब वही. ती आमची निरोपाची वही.

१९९० नंतरच्या त्या दिवसांत घरोघरी फोन नव्हते. लोक आमच्या दुकानाचा नंबर ‘पीपी’ म्हणून देत असत. लग्नपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात आमचा नंबर आणि पुढे कंसात पीपी. मग कुणाचा तरी फोन यायचा, ‘‘मशिदीमागच्या शिंपीचाचांना जरा निरोप द्या.’’ ते काम माझं. मी तेव्हा कॉलेजात होतो. सायकल काढायची, गल्लीत जायचं, निरोप द्यायचा. सुरुवातीला मी तो डोक्यातच ठेवत असे. अब्बांनी एकदा विचारलं, ‘‘फोन किती वाजता आला होता?’’ मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी ही वही आणली आणि स्वतः पट्टीनं रेघा मारून चार रकाने केले : कुणाचा, कुठून, केव्हा, काय.

त्या वहीतली एक नोंद मी वर्गात वाचून दाखवली : ‘धाकटा मुलगा. अमरावतीहून. दुपारी ३ वाजून १० मिनिटं. पेपर चांगला गेला, रविवारी येतो, डबा पाठवू नये.’ बस, एवढंच. पण त्या एका ओळीवर घरातली माणसं चार दिवस निर्धास्त झोपत.

अब्बा म्हणायचे, ‘‘निरोप ही अमानत आहे. जसा आला तसा पोचव. त्यात मीठ घालू नकोस आणि साखरही घालू नकोस.’’ अमानत म्हणजे कुणी विश्वासानं आपल्या हाती ठेवलेली वस्तू. मराठीत आपण तिलाच ‘अनामत’ म्हणतो. बँकेत, कचेरीत, लायब्ररीत अनामत रक्कम भरतो तीच ही. शब्दाचे पाय थोडे इकडेतिकडे झाले, अर्थ तोच राहिला.

पहिल्या शनिवारी मी मुलांना काहीच शिकवलं नाही. एक खेळ घेतला. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कानात सांगितलं, ‘‘उद्या साडेदहाला बर्डीच्या चौकात भेटू, छत्री आण, सायकल नको.’’ हा निरोप कानोकानी शेवटच्या बाकापर्यंत गेला. बेचाळीस मुलं होती. शेवटचा मुलगा उभा राहिला आणि ठणकावून म्हणाला, ‘‘सर, उद्या बर्डीत छत्र्यांचा सेल लागून राहिला!’’ वर्ग हसून हसून लोळला. मग तोच खेळ मी पुन्हा घेतला, पण या वेळी प्रत्येकानं निरोप चार रकान्यांत कागदावर उतरवून पुढच्याला द्यायचा होता. वेळ जास्त लागला. निरोप मात्र शेवटच्या बाकावर जसाच्या तसा पोचला.

मी विचारलं, ‘‘पहिल्या खेळात खोटं कोण बोललं?’’ मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणीच खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला ऐकू आलं ते प्रामाणिकपणे पुढे सांगितलं होतं. मग मी त्यांना एका शब्दाचा उगम सांगितला. आपण ‘अफवा’ म्हणतो तो शब्द अरबीतून आला. तिथे ‘अफवाह’ म्हणजे तोंडं, म्हणजे तोंड या शब्दाचं अनेकवचन. एका तोंडातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. अफवेला लबाड माणूस लागतोच असं नाही, नुसती पुष्कळ तोंडं लागतात.

दुसऱ्या शनिवारी मी एक तार घेऊन गेलो. खरीखुरी, पिवळी पडलेली, माझ्या आजोबांच्या आजारपणाची. मुलांनी तार कधी पाहिलेली नव्हती. कुठून पाहणार? कोलकात्याजवळ १८५० साली आपल्या देशातली पहिली प्रायोगिक तारेची ओळ टाकली गेली आणि १५ जुलै २०१३ रोजी ही सेवा बंद झाली. आज नववीत असलेल्या मुलांना ते दिवस आठवण्याचं कारणच नाही. मी त्यांना म्हटलं, ‘‘मजकूर नंतर वाचा. आधी वरचा भाग बघा.’’ तिथे तार कुठल्या कार्यालयातून निघाली, किती शब्दांची आहे, कधी दिली, हे सारं होतं. खाली पोचल्याचा शिक्का होता. मजकूर चार शब्दांचा आणि त्याचा ठावठिकाणा त्याच्याहून मोठा.

तारेला शब्दामागे पैसे पडत, हे कळल्यावर मुलं चकित झाली. मग मी त्यांना दहा शब्दांत घरी निरोप लिहायला सांगितला. एकानं लिहिलं, ‘बाबा, पैसे संपले. मी ठीक. आईला सांगू नका. पैसे पाठवा.’ बरोबर दहा शब्द. मी चाळीस वर्षं कविता करतोय, पण शब्द इतके मोजून वापरणं मला अजून जमलेलं नाही.

तिथूनच आमची गाडी पैशांवर आली. पीसीओच्या काचेच्या खोलीत लाल आकड्यांचा मीटर असायचा. बोलणाऱ्याची नजर त्या मीटरवर खिळलेली असायची. रात्री उशिरा दर उतरायचे, तेव्हा आमच्या दुकानासमोर रांग लागायची. गडचिरोली-चंद्रपूरहून शिकायला आलेली मुलं, कामठीच्या छावणीतले जवान, परगावचे कामगार. आत जायच्या आधी काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत पाठ करून घेत. मग १९९५ साल आलं. ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं. पहिल्या मोबाइलवर तर आलेल्या कॉलचेही पैसे पडत. हळूहळू सारं स्वस्त झालं. आज निरोप पाठवायला वेगळे पैसे पडतच नाहीत. ही फार मोठी गोष्ट आहे. परगावी गेलेल्या गरिबाच्या लेकराचा चेहरा त्याच्या आईला आज रोज दिसतो. मीटरकडे बघत रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून या स्वस्ताईला मी कधी नावं ठेवणार नाही.

पण मुलांना मी एक प्रश्न विचारला. ‘‘निरोप फुकट झाला. मग त्याची किंमत गेली कुठे?’’ उत्तर कुणाला आलं नाही. मग मी त्यांना माझी स्वतःची चूक सांगितली. ती सांगायला मला जड गेलं. आज तुम्हालाही सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या फोनवर एक निरोप आला. एका लहान मुलाला तातडीनं रक्त हवं आहे. रक्तगट दुर्मीळ. खाली फोन नंबर. मी दुकानात होतो, गिऱ्हाईक समोर उभं होतं. मनात आलं, कुणाचं तरी भलं होईल. मी तो निरोप पाच गटांना पाठवून दिला. दोन तासांनी माझ्या एका कविमित्राचा फोन आला. त्याचा रक्तगट तोच होता. त्यानं त्या नंबरवर फोन केला होता. पलीकडे मुलाची आई होती. ती म्हणाली, ‘‘भाऊ, माझा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली. रोज फोन येतात. तुम्ही सगळी चांगली माणसं आहात, म्हणून हा नंबर बंद करायलाही मन होत नाही.’’

मित्रानं मला विचारलं, ‘‘तू पाठवण्यापूर्वी एक फोन केला असतास तर?’’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ज्याच्या हातात बापानं चार रकान्यांची वही दिली होती, त्यानं एकही रकाना भरला नव्हता. निरोप कुणाचा, ठाऊक नाही. कुठून निघाला, ठाऊक नाही. केव्हाचा, तेही ठाऊक नाही. फक्त ‘काय’ तेवढं होतं. ते पाठवायला मला एक पैसा पडला नाही. त्याची किंमत ती आई रोज मोजत होती.

वर्गात सारं चिडीचूप झालं होतं. मी म्हटलं, ‘‘बाळांनो, निरोप फुकट होत नाही. फक्त त्याचं बिल दुसऱ्याच्या घरी जातं.’’

यात यंत्राच्या घडणीचाही भाग आहे आणि मुलांना तो कळलाच पाहिजे. व्हॉट्सॲपवर आपण निरोप पुढे पाठवतो तेव्हा मूळ पाठवणाऱ्याचं नाव गळून पडतं. मूळ वेळही गळते. आपल्याला दिसतं ते फक्त शेवटच्या माणसाचं नाव आणि आपल्या फोनवर निरोप पडला ती वेळ. दोन वर्षांपूर्वीची हाक आत्ताची वाटते आणि ती आपल्या सख्ख्या काकांनी मारल्यासारखी वाटते. काकांवर आपला विश्वास असतो. त्या विश्वासावर बसून तो निरोप घरात शिरतो. तारेच्या माथ्यावर जे छापलेलं असायचं, नेमकं तेच इथे नसतं. ते आता आपल्यालाच विचारून घ्यावं लागतं.

आणि हे न विचारल्यानं काय होऊ शकतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत फोनाफोनी फिरत होते. जमावानं त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, ठेचून मारलं. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरण्यात गेल्या, ज्यांना आपल्या आया-आज्या पसाभर धान्य घालत आल्या, ती ही माणसं. ती कोण, कुठली, हे विचारायला जमाव थांबला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. कंपनीनं हे केलं ते बरं झालं. पण बोट आपलं असतं. मर्यादा बोटालाही लागते.

काही गावांनी दुसरा मार्ग धरला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. आपल्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल नको असा ठराव केला. त्यामागची कळकळ मला समजते. पण साडेआठनंतर फोन उघडतोच आणि मुलगा एक दिवस अठरा वर्षांचा होतोच. तेव्हा त्याच्या हाती काय असेल? शिवाय हेच साधन शहाण्या हाती पडलं की सोनं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांच्याकडे चालत आला. तेव्हा बंद करण्याइतकंच वापरायला शिकवणंही गरजेचं आहे, असं मला वाटतं.

तिसऱ्या शनिवारी मी मुलांना गृहपाठ दिला. घरच्या गटावर आलेला कुठलाही एक निरोप घ्यायचा आणि त्याचा माग काढायचा. ज्यानं पाठवला त्याला विचारायचं, ‘तुम्हाला कुणी पाठवला?’ मग त्या माणसाला, मग त्याच्या मागच्या माणसाला. मागे मागे जात राहायचं. जिथे वाट संपेल तिथे वहीत रेघ मारायची.

एका मुलानं लगेच हात वर केला. ‘‘सर, माझे मोठे अब्बाच रोज पाठवतात. त्यांना कसं विचारू? म्हणतील, तू आम्हाला शिकवतो काय बे?’’ दुसरी मुलगी म्हणाली, ‘‘आमच्याकडे आत्या पाठवते. खोटं आहे म्हटलं की रुसते, मग महिनाभर फोन करत नाही.’’

श्रोतेहो, खरी गाठ इथे होती. मुलांना खरं-खोटं कळत नाही असं नाही, बरेचदा ते आपल्याहून लवकर कळतं. पण सांगायचं कसं? आपल्या घरात मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असे आपले संस्कार. ते वाईट नाहीत. मी त्यांना म्हटलं, ‘‘खोटं आहे, असं म्हणूच नका. नुसतं विचारा, ‘मोठे अब्बा, हे कुठून आलं?’ प्रश्न विचारण्यात बेअदबी नाही. उलट मोठ्यांची परंपराच प्रश्न विचारण्याची आहे.’’

आणि मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक माझ्या घरातली आणि दुसरीही माझ्याच घरातली.

पहिली हदीसची. पैगंबरांची वचनं गोळा करणाऱ्या विद्वानांनी नुसतं वचन कधी लिहिलं नाही. अमक्यानं अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून ऐकलं, अशी माणसांची साखळी आधी लिहिली. तिला ‘सनद’ म्हणतात. साखळीतला एकेक माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याचं नाव सांगतो त्याला खरोखर भेटला होता का, हे तपासायचं एक शास्त्रच उभं राहिलं. मराठीत सनद म्हणजे हक्काचा कागद, वकिलीची सनद. मुळात सनद म्हणजे आधार, ज्याला टेकून उभं राहायचं ते.

दुसरी गोष्ट आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालं आहे. तेराव्या शतकात म्हाइंभट नावाच्या पंडितानं तिथे चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. तोच लीळाचरित्र हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ. म्हाइंभटांनी काय केलं? ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे ते गावोगाव पायी गेले. विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं, मग लिहिलं. या ग्रंथाच्या परंपरेत एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी निघाल्या तर दोन्ही नोंदवून ठेवण्याची रीत आहे. सातशे वर्षांपूर्वी, फोन नाही, रस्ता नाही, तरी आपला माणूस पायी जाऊन विचारून आला. आणि आपल्याला बसल्या जागी एक फोन करायचा कंटाळा.

तो मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे सर, दोन्हीकडचं एकच आहे.’’ मी म्हटलं, ‘‘हो बेटा, विचारून घेणं सगळीकडचं एकच असतं.’’

चौथ्या शनिवारी वह्या आल्या. बहुतेकांची वाट दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या माणसाशी संपली होती. ‘काय माहीत, आलं होतं, पाठवून दिलं,’ हे उत्तर वहीमागून वही मी वाचत गेलो. एक वही मात्र चार पानांची होती. त्या मुलीचे आजोबा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. आपल्या भागातल्या पाण्यात विष मिसळल्याचा निरोप त्यांच्याकडून गटावर आला होता. नातीनं भीतभीत विचारलं, ‘‘आजोबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं?’’ आजोबा आधी रागावले. मग, जन्मभर पंचनामे केलेला माणूस, चष्मा लावून बसला. त्यांनी मित्राला फोन केला. मित्रानं उमरेडच्या व्याह्याचं नाव सांगितलं. व्याही म्हणाले, भाच्याकडून आलं. भाचा म्हणाला, दोनशे माणसांच्या एका गटावर पडलं होतं, त्यात मी निम्म्यांना ओळखतही नाही. तिथे रेघ. त्या रात्री आजोबांनी गटावर लिहिलं, ‘वरील निरोपाचा माग काढला असता मूळ सापडले नाही. सबब कोणीही पुढे पाठवू नये.’ खाली सही केल्यासारखं पूर्ण नाव. नात मला म्हणाली, ‘‘सर, आता आजोबा रोज सकाळी मलाच विचारतात, आजचा कोणता शोधायचा?’’

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट बोललो. आता आवाजही बनवता येतो. एखाद्याच्या बोलण्याचा छोटा तुकडा मिळाला तरी संगणक हुबेहूब तसाच आवाज काढून देतो. आमच्या वहीच्या काळात आवाज ओळखला म्हणजे माणूस ओळखला, असं होतं. आता तसं उरलेलं नाही. रडत, घाबरत कुणी आपल्या माणसाच्या आवाजात पैसे मागू लागलं, किंवा पोलीस असल्याचं सांगून ‘डिजिटल अटके’ची धमकी देऊ लागलं, तर फोन ठेवायचा. आपल्या माणसाच्या, आपल्याला ठाऊक असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदतीच्या नंबरवर लगेच कळवायचं. कुठलंही पोलीस खातं व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही. मुलांनी हे वहीत लिहून घेतलं आणि मी सांगितलं, घरी जाऊन आजीला आधी सांगा.

निघताना बाईंनी विचारलं, ‘‘मग मुलांना आधुनिक काय शिकवलंत?’’ मी म्हटलं, ‘‘जुनंच शिकवलं. पण ते कामी येईल नव्या यंत्रावर.’’ यंत्रं बदलत राहणार. माझ्या डोळ्यांदेखत तार गेली, पीसीओ गेला, माझी पिवळी पाटी गेली. आज मुलांच्या हाती आहे तेही जाईल. चार रकाने राहतील.

शेवटी या आकाशवाणीबद्दल. २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, घरात फोन एक आणि शिकणारी मुलं तीन, तेव्हा याच नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ मुलांसाठी लागत असे. जुनं झालेलं साधन मदतीला धावून आलं. आणि दुसरी एक गोष्ट माझ्या आत्ता आत्ता ध्यानात आली. लहानपणापासून रेडिओ ऐकतोय. तो सुरू झाला की बातमी सांगायच्या आधी काय सांगतो? हे आकाशवाणीचं अमुक केंद्र आहे. इतके वाजून इतकी मिनिटं झाली आहेत. अमुक आपल्याला बातम्या देत आहेत. कुणाचा, कुठून, केव्हा. आणि मग काय. अब्बांनी पट्टीनं आखलेले रकाने, ते कदाचित रेडिओ ऐकूनच शिकले असतील. त्यांना विचारायचं राहून गेलं.

तेव्हा आज रात्री तुमच्या फोनवर एखादा निरोप पडेल. पडेलच. पुढे पाठवण्याआधी घरातल्या नववीतल्या मुलाला जवळ बोलवा आणि दोघं मिळून विचारा, कुणाचा? उत्तर मिळालं तर पुढे जा. नाही मिळालं, तर तो तिथेच थांबू द्या. निरोप पोचवणाऱ्यानं कधी कधी न पोचवणं, हीसुद्धा अमानतच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)